संचाचा सराव

मल्लखांब म्हणजे जमिनीत उभा रोवलेला सागाचा किंवा शिसवीचा गुळगुळीत खांब. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले. मल्लांच्या अंगी चपळाई यावी म्हणून होणारा हा व्यायाम पुढे स्वतंत्र खेळ म्हणून मान्यता पावला. स्पर्धेत खेळाडू अढी मारून खांबावर चढतो, आणि दसरंग, फिरकी, वेल, ताजवा असे प्रकार न थांबता करून शेवटी उडी घेऊन खाली येतो. या अखंड मालिकेस संच म्हणतात. संच जेमतेम दीड मिनिटाचा. परंतु तेवढ्यात सर्वांगाचा कस लागतो.

स्पर्धा जवळ आली, की हा संच दिवसातून वीस वेळा केल्याने पक्का होईल, असे मुलांना वाटते. घडते नेमके उलटे. पकड सैल पडते, एरंडेल लावलेल्या खांबावरही मांड्यांची कातडी सोलवटते, आणि थकलेले शरीर चुकू लागते. सवय काही चूक-बरोबर निवडीत नाही. वारंवार केलेली चूकही अंगवळणी पडते. शिवाय वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा कोवळा थर असतो. हाड लांबीने वाढते ते तेथूनच. मनगटावर रोज अतिभार पडला, तर तो थर दुखावतो. संघातून आपले नाव वगळले जाईल या भीतीने कित्येक मुले हे दुखणे लपवितात, हे तर फारच वाईट!

म्हणून जाणता शिक्षक कित्येक आठवडे आधीच संचाचे तुकडे पाडतो. अवघड तुकडा आरंभी, अंग ताजे असताना, सोपा मागाहून. मग दोन-दोन तुकडे जोडावयाचे. खरी परीक्षा या सांध्यांचीच असते. पुरता संच त्यानंतर, तोही दिवसाकाठी दोन-तीन वेळा, मध्ये श्वास पुरता शांत होऊ देऊन. आठवड्यातून एक दिवस खांबाला हातही लावावयाचा नाही. शेवटच्या आठवड्यात सराव आणखी कमी होतो. नवे काही शिकविले जात नाही.

मुले अस्वस्थ होतात ती याच आठवड्यात.

"गुरुजी, आणखी एकदाच करू द्या ना! माझी शेवटची उडी अजून डळमळते," एखादी मुलगी काकुळतीने म्हणते.

"आज नको, बाळ. पाय थकले आहेत, म्हणून ती डळमळते. उद्या सकाळी आधी तीच कर."

मुलगी हिरमुसून घरी जाते. दुसऱ्या दिवशी अंग मोकळे करून ती खांबावर चढते, उडी घेते, आणि तिची दोन्ही पावले गादीवर एकदम, न हलता टेकतात.