पट्टीची शेवटची ओळ

माझे वडील नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घालायचे. विक्रीची पट्टी हातात आली की हमाली, तोलाई, अडत या ओळी नंतर. आधी सगळ्यात खालचा आकडा वाचायचे. पुण्यात आम्ही दोघे मित्र गेम बनवायला लागलो, तेव्हा ही सवय अंगी बाणायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत कळलेलं हे.

१. तीस टक्के कशाचे, ते आधी पाहा. गेम विकणारं ऑनलाइन दुकान, स्टीम, ३० टक्के घेतं, एवढंच धरून आम्ही हिशोब मांडला होता. प्रत्यक्षात २५० रुपयांच्या गेममधून आधी १८ टक्के जीएसटी निघतो, उरतात सुमारे २१२. त्यातले ३० टक्के गेले की १४८. सेलमध्ये ४० टक्के सूट दिली तर हातात ८९. दोन तासांहून कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येतो, ते पैसेही यातूनच वजा. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापला जातो. भारताशी असलेल्या करारामुळे तो ३० ऐवजी १५ टक्के होतो, पण कराचा फॉर्म नीट भरला तरच. एवढं होऊन जमा रक्कम १०० डॉलरच्या खाली राहिली, तर त्या महिन्यात बँकेत काही येत नाही. आमचे असे तीन महिने गेले.

२. मोठ्याला सवलत, छोट्याला पूर्ण दर. २०१८ पासून एखाद्या गेमची कमाई १ कोटी डॉलरच्या वर गेली की पुढच्या विक्रीवर स्टीमचा वाटा २५ टक्के, ५ कोटींच्या वर २० टक्के. हे मला आजही पटत नाही. ॲपल आणि गूगलने २०२१ साली नेमकं उलट केलं: वर्षाला १० लाख डॉलरपर्यंतच्या कमाईवर १५ टक्के. दर असाच हवा.

३. कमी वाटा म्हणजे जास्त कमाई नव्हे. एपिक हे दुसरं दुकान १२ टक्के घेतं, २०२५ पासून तर प्रत्येक गेमच्या वर्षातल्या पहिल्या १० लाख डॉलरवर काहीच नाही. इच डॉट आयओ या दुकानात वाटा किती द्यायचा हे विकणाराच ठरवतो. आम्ही १० टक्के ठेवला. तिथे जेमतेम चाळीस प्रती गेल्या. पण त्या चाळीस जणांनी पत्रं लिहून चुका दाखवल्या, त्या उपकाराची किंमत करता येणार नाही. स्टीमवर मात्र ज्यांनी गेम विशलिस्टमध्ये ठेवला होता त्यांना प्रकाशनाच्या दिवशी मेल गेली, आणि विक्रीचा मोठा भाग तिथूनच आला.

४. की जपून वाटा. स्टीमच्या की, म्हणजे गेम मिळवून देणारे कोड, फुकट बनवता येतात, आणि त्या आपण बाहेर विकल्या तर स्टीम वाटा मागत नाही. समीक्षक म्हणवणाऱ्या अनोळखी लोकांना आम्ही साठेक की पाठवल्या. आठवड्याभरात त्या दुसरीकडे निम्म्या दरात विकायला लागल्या.

५. प्रकाशकाचा वाटा उरलेल्या सत्तरातून जातो. पहिल्या गेमचा करार निम्म्या-निम्म्या वाटणीचा होता, आणि आम्ही आनंदाने सही केली. खाली एक कलम होतं: आधी प्रकाशकाचा खर्च वसूल, मग वाटणी. खर्चाला मर्यादा लिहिलेली नव्हती. जाहिरात, भाषांतर, प्रदर्शनातला स्टॉल, प्रत्येक तिमाहीला यादी वाढत गेली आणि आमच्या ओळीत शून्य येत राहिलं. माझ्या मित्राने त्या वर्षी नोकरी धरली. गेम लोकांना आवडला होता, म्हणून ते जास्त लागलं.

दुसऱ्या गेमला ते कलम आम्हीच लिहिलं: खर्चाची कमाल रक्कम आकड्यात, आणि दर महिन्याला दुकानाचा मूळ अहवाल, प्रकाशकाने तयार केलेला नव्हे. दोन प्रकाशकांनी ते वाचून बोलणं थांबवलं. तिसऱ्याने रक्कम थोडी वाढवून मागितली आणि सही केली.