राखणीला माणसे किती?

ज्वारी हुरड्यात आली की शेताची राखण करावी लागते. दिवसा पाखरं, रात्री डुकरं. एकटा माणूस माळ्यावर किती वेळ बसेल? त्यालाही जेवण हवं, झोप हवी. हे तुम्हां-आम्हांला ठाऊक आहे.

अमेरिकेत पोलिसांसाठी हाच हिशेब कसा करतात, ते आज पाहू.

अमेरिकेत ५० राज्ये आहेत. आपल्याकडे जिल्हे, तशा तिकडे काउंट्या. त्या सुमारे ३,००० आहेत. काउंटीच्या पोलिसांचा मुख्य तो शेरीफ. बहुतेक राज्यांत लोकच मते देऊन त्याला निवडतात. त्याच्या हाताखालच्या माणसांना डेप्युटी म्हणतात. गस्त घालणे, हाकेला धावणे, तुरुंग सांभाळणे ही त्यांची कामे.

आता हिशेब करू. समजा, तुरुंगाच्या दारावर रात्रंदिवस एक डेप्युटी हवा. माणसे किती लागतील? आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणून तीन माणसे. आम्हांलाही आधी तसंच वाटलं. पण ते चुकलं.

वर्षाचे दिवस ३६५. दिवसाचे तास २४. गुणाकार झाला ८,७६० तास.

एक डेप्युटी आठवड्याला ४० तास काम करतो. वर्षाचे आठवडे ५२. त्यांतले समजा ८ आठवडे रजा, आजारपण आणि शिक्षण यांत गेले. उरले ४४. म्हणजे एका माणसाचे १,७६० तास.

८,७६० ला १,७६० ने भागा. उत्तर येते जवळजवळ ५. एका जागेला पाच माणसे!

गस्तीचा हिशेब निराळा. नुसती लोकसंख्या पाहून भागत नाही. कॅलिफोर्निया राज्यात सॅन बर्नार्डिनो नावाची काउंटी आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या ती सुमारे तिप्पट आहे. तिच्यात पुष्कळसे वाळवंट. अशा ठिकाणी हाक आली तर पोहोचायलाच वेळ लागतो. डेप्युटी एकटा असेल आणि समोर हत्यार घेतलेला माणूस असेल, तर मदत येईपर्यंत काय करावे? म्हणून हाका किती येतात, एका हाकेला किती वेळ जातो, अंतर किती आहे, हे सारे मोजावे लागते.

पण माणसे वाढली की पगार वाढतो. तो पैसा लोकांच्या करातून येतो. शेरीफ माणसे मागतो. पैसा मंजूर करते काउंटीचे निवडून आलेले मंडळ. त्याच पैशात रस्ते आहेत, दवाखाने आहेत. म्हणून ओढाताण होते. माणसे कमी दिली, तर आहेत त्यांनाच जादा तास राबावे लागते. जादा तासांचा जादा पगार द्यावा लागतो. वर दमलेल्या माणसाच्या हातून चूक होते, ती वेगळीच. माणसे फार दिली, तर रस्ता राहतो. मंडळाच्या सभेत लोकांनाही बोलता येते. तिथे ज्याच्याजवळ आकडे आहेत, त्याच्या बोलण्याला वजन येते.

महाराष्ट्रात पोलिसांची संख्या राज्य सरकार ठरवते. पण गावात राखणदार ठेवायचा असेल, तर हेच गणित लागते. ग्रामसभेत कोणी म्हणाले, "एक माणूस पुरे," तर विचारा, "किती तासांसाठी? तो आजारी पडला तर कोण?"

करून पाहा : गावच्या पंपावर रोज १२ तास एक माणूस हवा. एक जण वर्षाला १,७६० तास काम करतो. तर माणसे किती लागतील?