बागेच्या मातींतील किण्वें

पावाचें पीठ फुगतें, शिंदीस फेस येतो, तो किण्वाच्या म्हणजे यीस्टच्या योगानें, हें वाचकांस ठाऊक आहे. परंतु किण्वांचें एक मोठें घर आपल्या बागेची माती आहे, इकडे फारसें लक्ष जात नाहीं.

येडशीजवळ बालाघाटाच्या उतारावर सीताफळ पिकून खालीं पडतें व लवकरच त्यास आंबूस वास सुटतो. असें रसाळ फळ आणि माती यांमधील किण्वांची ये-जा कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत हान्सेन यांनीं १८८० च्या सुमारास दाखविली. फळावरील एक किण्व पावसाबरोबर व गळलेल्या फळाबरोबर मातींत उतरतें, तेथें हिवाळा काढतें आणि पुढील हंगामीं पुनः फळावर पोंचतें.

मातींत कायम वसणारीं किण्वें निराळीं. त्यांतील बहुतेक आंबवण करीत नाहींत. प्राणवायूवर जगतात, म्हणून वरच्या थरांत अधिक असतात. लिपोमायसिस जातीच्या पेशीभोंवतीं चिकट आवरण असतें. तें ओल धरतें व मातीचे कण जोडण्यास साह्य करितें. किण्वें पालापाचोळ्यांतील व मुळांतून स्रवणारी साखर खातात. त्यांस सूक्ष्म प्राणी खातात, आणि त्यांच्या शरीरांतील नत्राचा कांहीं भाग पुनः झाडास मिळतो. कांहीं जाती आम्ल सोडून स्फुरद विरघळवितात. मात्र चुनखडीच्या काळ्या जमिनींत चुना तें आम्ल मारतो, म्हणून फार आशा धरूं नये.

मातींत जंतूंच्या मानानें किण्वांची संख्या फारच थोडी. शिवाय हवेंतील नत्र धरण्याची शक्ति कोणत्याही किण्वांत नाहीं. ‘किण्वाची पुडी टाका, युरिया नको,’ असें कोणी सांगितल्यास त्यावर पैसा घालूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. साखरेच्या पाण्यांत माती घालून बुडबुडे दाखविणें हाही पुरावा नव्हे. वायु जंतूही सोडतात.

खर्च न करितां करण्याजोगें पुढीलप्रमाणें :

१. बागेंतील निरोगी पाला जाळूं नये; आळ्यांत पसरावा.
२. सडकीं फळें झाडाखालीं ठेवूं नयेत, फळमाशी वाढते. तीं खड्ड्यांत खोल पुरावीं.
३. किण्वें बुरशीच्याच कुळांतील. म्हणून बुरशीनाशक औषध रोगाची खात्री झाल्यावांचून मातींत ओतूं नये.

जमिनीस खाद्य व ओल मिळाली म्हणजे किण्वें आपोआप वाढतात. विकत आणावीं लागत नाहींत.