वाघाने गाय मारली तर?



नोव्हेंबर 2024 मध्ये किनवटकडून आलेल्या वाघाने आपल्या निर्मल जिल्ह्यात गुरे मारली. अशा वेळी तेलंगणाचे वनखाते भरपाई देते. महाराष्ट्रात 2022 च्या शासन निर्णयाप्रमाणे गाय, म्हैस, बैल यांसाठी बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70,000 रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम ठरली. तेथे 48 तासांत कळवावे लागते. मृत जनावर पंचनाम्यापर्यंत हलवू नये.

80,000 रुपयांच्या बैलाचे 60,000 मिळतात. 20,000 चा तोटा मालकाचाच. म्हणून रागाने कोणी मेलेल्या जनावरावर विष टाकतो. जानेवारी 2024 मध्ये कागजनगरजवळ असेच वाघ दगावले. पालकहो, विष नको, अर्ज करा, असे आम्ही सांगतो.

गृहपाठ : एक लाखाच्या म्हशीचे किती मिळतील?