करवंदांचा आहारांत उपयोग

कोंकणांत व सह्याद्रीच्या उतारावर वैशाखांत करवंदीच्या जाळ्या फळांनीं काळ्याभोर होतात. शेताला कांटेरी कुंपण म्हणून शेतकरी त्या राखतो. फळ मात्र गुराख्यांच्या पोरांनीं खावें, अशी समजूत आहे. ती सोडून देणें इष्ट होय.

आपल्याकडील स्त्रियांत व मुलांत पांडुरोग फार. नाचणी, कडधान्यें, पालेभाज्या यांत लोह असतें; परंतु वनस्पतिजन्य लोह शरीरांत थोडेंच शोषलें जातें. त्याच जेवणांत ताजें आंबट फळ असल्यास त्यांतील क जीवनसत्त्वामुळें हें शोषण वाढतें. म्हणून करवंदें रानांत हिंडतांना खाण्यापेक्षां भाकरीबरोबर खाणें अधिक फायद्याचें. कच्च्या करवंदांची चटणी घरोघर होतेच. ती रोज ताजी वाटावी. शिजविल्यानें हें जीवनसत्त्व बरेंचसें नष्ट होतें, त्यामुळें मुरंबा वर्षभर टिकला तरी त्यांत हा गुण कमी. उलटपक्षीं जेवणावर लागलीच चहा घेतल्यास लोहाचें शोषण घटतें, आणि ही संवय खेडोपाडीं फार बोकाळली आहे! पांडुरोग बळावला असल्यास मात्र डॉक्टरी उपचारच हवेत. नुसत्या करवंदांवर भागणार नाहीं.

फळें स्वच्छ धुवून घ्यावीं. चटणी किंवा लोणचें बिनकल्हईच्या तांब्यापितळेच्या भांड्यांत ठेवूं नये. चिनी मातीची बरणी बरी.

करवंदीचें बी लवकर निर्जीव होतें. तेव्हां पिकलेल्या फळांतून काढलेलें बी साठवून न ठेवतां ताजेंच पेरावें, व रोपें पावसाळ्यांत बांधावर लावावीं.