नऊ लाखांतले किती तुमचे?

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअर, वय 26, नाशिकला आई-वडिलांसोबत राहतो. हातात दोन ऑफर लेटर आहेत. चाकणची कंपनी वर्षाला 9 लाख देते, काम डिझाइनचं. पण दोन वर्षांचा बॉन्ड आहे. आधी सोडलं तर 2 लाख भरायचे. अंबड एमआयडीसीतली कंपनी 7 लाख 20 हजार देते, काम प्रॉडक्शनचं, बॉन्ड नाही. वडील म्हणतात, घरचं खाऊन नोकरी कर. मित्र म्हणतात, 1 लाख 80 हजारांवर कोण पाणी सोडतं? पगाराची पानं सोबत जोडली आहेत. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पानं जोडलीत हे बरं केलंत. बहुतेक जण नुसता सीटीसीचा आकडा कळवतात आणि त्यावरून काहीच ठरत नाही.

चाकणच्या 9 लाखांत काय काय कोंबलंय बघा. व्हेरिएबल 1 लाख 8 हजार, जॉइनिंग बोनस 60 हजार, पीएफमधला कंपनीचा वाटा 43,200, ग्रॅच्युइटी 17,316, गटविम्याचा हप्ता 12 हजार. हे वगळलं की महिन्याला साधारण 55 हजार उरतात. त्यातून तुमचा पीएफ 3,600 आणि व्यवसाय कर 200 गेला की बँकेत 51 हजारांच्या जरा वर जमा होतील. अंबडच्या पत्रात व्हेरिएबल नाही, बोनस नाही, विम्याचा हप्ता कंपनी वेगळा भरते. तोच हिशेब तिथे लावला तर हातात येतात 51,700. म्हणजे दरमहा नाशिकच चार-पाचशेंनी पुढे! त्यात चाकणला रूम, मेस आणि शनिवार-रविवारच्या फेऱ्या. मी काटकसरीनेही 14-15 हजार धरीन. प्राप्तिकराचा प्रश्न नाही. नव्या करप्रणालीत पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत तो सध्या लागत नाही.

पीएफचा वाटा उशिरा का होईना, तुमचाच. ग्रॅच्युइटीचं तसं नाही. कायम नोकरीत त्यासाठी पाच वर्षं भरावी लागतात. तिसऱ्या वर्षी सोडलीत तर ती रक्कम कागदावरच राहिली म्हणायची. जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो आणि तुमच्या पत्रातल्या अटीप्रमाणे वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा आहे. व्हेरिएबलबद्दल एचआरला एवढंच विचारा : गेल्या तीन वर्षांत या पदावर प्रत्यक्ष किती टक्के मिळालं? उत्तर गोलमोल आलं की तो आकडा शून्य धरा.

आता बॉन्ड. ‘असले बॉन्ड कोर्टात टिकत नाहीत’ असं तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच. ते अर्धवट खरं आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 प्रमाणे नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नका, असं सहसा बांधून घेता येत नाही. पण ठरावीक काळ काम करा नाहीतर भरपाई द्या, ही अट वेगळी. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची अशीच अट, तीन वर्षं किंवा 2 लाख, वैध ठरवली. तिथे भरतीप्रक्रियेच्या खर्चाचा मुद्दा होता. खासगी कंपनीला रक्कम वाजवी आहे हे दाखवावं लागेल. पण तो वाद घालायला वकील तुम्हालाच लावावा लागेल. आणि मूळ प्रमाणपत्रं मागितली तर देऊ नका. झेरॉक्स दाखवा, मूळ तपासून लगेच परत घ्या.

डिझाइनचं काम ही चाकणची खरी जमेची बाजू आहे आणि ती मी हलकी मानत नाही. सव्विसाव्या वर्षी लाइनवर गेलेला माणूस पुन्हा डिझाइनला येताना मी फार पाहिलेला नाही. म्हणून चाकणला आधी एक मेल टाका : व्हेरिएबलचा निम्मा भाग पक्क्या पगारात घाला आणि बॉन्ड एका वर्षावर आणा. दोन्ही मान्य झालं तर बिनधास्त जा. एचआरने फोनवर ‘ती नुसती फॉर्मॅलिटी असते’ एवढंच ऐकवलं आणि लेखी काही दिलं नाही, तर अंबडच्या पत्रावर सही करा.