मालकीचा ताळा : मिळकतीच्या दप्तरांचा शोध कसा घ्यावा

धान्याचे पोते घेताना व्यापारी मूठभर दाणे हातावर घेऊन पाहतो. उधारीवर माल देताना समोरच्याची पत चारचौघांत विचारतो. परंतु आयुष्याची शिल्लक ज्या व्यवहारात घालावयाची, त्या दुकानाच्या वा जमिनीच्या खरेदीत हीच सावध बुद्धी पुष्कळदा मागे पडते. विकणारा ओळखीचा असतो, मिळकतकराची पावती त्याच्या नावे असते, मागील खरेदीखत नोंदलेले असते आणि तेवढ्यावर समाधान मानले जाते. या तीन गोष्टींनी मालकी सिद्ध होत नाही. मग ती कशाने पाहावी, याचा विचार प्रस्तुत लेखात उज्जैन शहर व जिल्हा डोळ्यांपुढे ठेवून केला आहे.

नोंदणी कशाची होते?

सर्वप्रथम एक मूलभूत गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या देशात दस्तऐवजाची नोंदणी होते, मालकीची होत नाही. 1908 चा नोंदणी कायदा 1 जानेवारी 1909 पासून अमलात आला. त्यान्वये शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीच्या हस्तांतराचा लेख नोंदवावाच लागतो. नोंदणी अधिकारी लेख लिहून देणारा तोच इसम आहे काय, त्यास लेख कबूल आहे काय, मुद्रांक पुरेसा आहे काय, हे पाहतो. विकणाऱ्यापाशी विकण्याजोगा हक्क आहे की नाही, याचा निवाडा करणे त्याचे काम नव्हे. तमिळनाडूतील एका प्रकरणात 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा सांगितले.

सर्वत्र अशीच पद्धत आहे असे नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने 1858 मध्ये जी पद्धत सुरू झाली, तीत सरकारी पुस्तकात ज्याचे नाव तोच मालक, अशी हमी राज्य घेते. आपल्याकडे तशी हमी नाही. म्हणून येथे मालकी एका कागदावर वाचावयाची नसून अनेक दप्तरांचा ताळा जमवून काढावयाची असते. जमाखर्च जाणणाऱ्या समाजास ही गोष्ट अवघड वाटण्याचे कारण नाही.

पहिले दप्तर : उपपंजीयक कार्यालय

महाराष्ट्रात ज्यास दुय्यम निबंधक म्हणतात, त्यास आपल्या मध्य प्रदेशात उपपंजीयक म्हणतात. त्यांच्या कार्यालयातील पुस्तक क्रमांक 1 मध्ये स्थावर मिळकतीसंबंधीचे खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, हक्कत्यागपत्र इत्यादी लेख अनुक्रमाने नोंदलेले असतात. हे पुस्तक म्हणजे आपला रोजमेळ होय. रोजमेळावरून एका आसामीचे खाते कळत नाही; त्यासाठी खतावणी लागते. तशी खतावणी म्हणजे या पुस्तकाच्या दोन सूची. सूची क्रमांक 1 व्यक्तींच्या नावांची असते व सूची क्रमांक 2 मिळकतींची असते.

कायद्याच्या कलम 57 अन्वये विहित शुल्क भरून पुस्तक क्रमांक 1 व त्याच्या सूची कोणासही पाहता येतात. विकणाऱ्याची संमती लागत नाही. सामान्य नागरिकाचा हा मोठा हक्क असून त्याचा उपयोग फार थोडे लोक करतात. साधारणतः 2015 पासूनचे लेख 'संपदा' या संगणकीय व्यवस्थेत आहेत. तिची 'संपदा 2.0' ही नवी आवृत्ती 2024 मध्ये सुरू झाली. त्यापूर्वीच्या काळासाठी मात्र कार्यालयात अर्ज करून वर्षावर्षाची सूची पाहणे भाग आहे.

शोध किमान तीस वर्षांचा घ्यावा, असा वकिलांचा प्रघात आहे. त्यास कारण आहे. मालकीच्या आधारे ताबा मागण्याची मुदत सर्वसाधारणपणे बारा वर्षांची असली, तरी गहाण सोडवून घेण्याची मुदत तीस वर्षांची आहे. बारा वर्षांवर थांबणाऱ्यास जुने गहाण दिसणारच नाही.

नावांच्या बाबतीत आपल्या समाजाने विशेष दक्ष राहावे. एकाच गृहस्थाचे नाव एका लेखात 'जैन' असे, तर दुसऱ्यात 'पाटणी', 'लोढा' वा 'कासलीवाल' अशा कुलनामाने लिहिलेले आढळते. कोठे पेढीचे नाव, कोठे एकत्र कुटुंबाच्या कर्त्याचे नाव असते. एकाच रूपाने शोध घेतल्यास निम्मे व्यवहार नजरेतून सुटतील. म्हणून नाव व मिळकत या दोन्ही सूची पाहाव्यात आणि प्रत्येक लेखातील चतुःसीमा मागील लेखाशी पडताळाव्यात. घरांचे क्रमांक बदलतात, मोहल्ल्यांची नावे बदलतात; चतुःसीमेवरूनच धागा पुन्हा हाती येतो.

दुसरे दप्तर : महसूल

शेतजमिनीच्या शोधात तहसील कार्यालय व पटवारी यांचे दप्तर पाहावे लागते. आपल्या महाराष्ट्रातील आप्तांस सातबारा परिचित आहे; येथे त्याच्या जागी खसरा आहे. खसरा सर्वे क्रमांकवार असतो. बी-1 म्हणजे खतौनी ही खातेदारवार असते. नक्शा जागेची आकृती दाखवितो. महाराष्ट्रातील फेरफार तेच येथील नामांतरण. खसऱ्यातील कैफियतीचा रकाना अवश्य वाचावा. बँकेचा बोजा, न्यायालयाचा मनाई हुकूम किंवा शासनाची अट यांची नोंद बहुधा तेथेच सापडते. चालू उतारे 'भूलेख' संकेतस्थळावर मिळतात. जुन्या नकला जिल्हा अभिलेखागारातून मागवाव्या लागतात.

उज्जैनच्या जुन्या दप्तरास इतिहासाचे थर आहेत. हे शहर 1948 पर्यंत ग्वाल्हेर संस्थानात होते. आजच्या जिल्ह्यातील महिदपूर व तराणा होळकरांच्या राज्यात होते. पुढे मध्यभारत राज्य झाले. तेथे संवत् 2007 चा भूराजस्व व काश्तकारी कायदा (1950) आणि संवत् 2008 चे जमीनदारी व जहागीर निर्मूलनाचे कायदे (1951) झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मध्यभारत मध्य प्रदेशात विलीन झाला आणि 1959 च्या भूराजस्व संहितेने 'भूमिस्वामी' ही आजची संज्ञा आणली. एकाच शेताच्या कागदांत जमीनदार, पक्का कृषक व भूमिस्वामी असे शब्द आढळले, तर त्याचा उलगडा या क्रमात आहे.

जुन्या कागदांवर विक्रम संवत असतो. चैत्रादी संवतातून 57 वजा केले म्हणजे इसवी सन येतो. जानेवारीपासून चैत्रारंभापर्यंतच्या तिथींसाठी 56 वजा करावेत. दिवाळीला वर्ष बदलणाऱ्या वह्यांत महिना पाहूनच हिशेब करावा. बंदोबस्तात सर्वे क्रमांक बदलले असल्यास जुन्या व नव्या क्रमांकांची तुलनात्मक यादी मागावी. अन्यथा भलत्याच शेताचा शोध घेण्याचा प्रसंग येतो.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. नामांतरण म्हणजे मालकी नव्हे. महसुली नोंद खरी आहे असे कायदा प्रथम गृहीत धरतो, परंतु विरुद्ध पुराव्याने ते गृहीत ढासळते. मध्य प्रदेशातूनच गेलेल्या एका प्रकरणात 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नामांतरणाने कोणताही हक्क निर्माण होत नाही. ती नोंद महसुलाच्या सोयीसाठी असते आणि मृत्युपत्रावरील वाद दिवाणी न्यायालयातच सोडवावा लागतो. फेब्रुवारी 2024 पासून राज्याच्या सर्व जिल्ह्यांत 'सायबर तहसील' व्यवस्था आहे. तिच्यामुळे संपूर्ण खसरा क्रमांकाच्या खरेदीनंतरचे नामांतरण पुष्कळ शीघ्र होऊ लागले आहे. नोंद लवकर झाली ही सोय झाली. परंतु तेवढ्याने हक्क अधिक पक्का झाला असे समजू नये.

त्याच वर्षी, 2021 मध्ये, देवस्थान जमिनीसंबंधीही सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाला. देवस्थानच्या जमिनीचा मालक देव असून पुजारी केवळ व्यवस्थापक होय, असे त्यात सांगितले आहे. उज्जैनसारख्या क्षेत्री हा निर्णय नित्य स्मरणात ठेवावा. सार्वजनिक न्यासाची जमीन वा इमारत असेल, तर 1951 च्या सार्वजनिक न्यास कायद्यान्वये विक्रीपूर्वी पंजीयकाची मंजुरी लागते. धर्मशाळा व मंदिरे यांचे विश्वस्त आपल्यापैकी अनेकजण आहेत. त्यांनी हे घेताना व देताना दोन्ही वेळी पाहावे. तसेच शासनाने पट्ट्याने दिलेली जमीन व आदिवासी भूमिस्वामीची जमीन यांच्या हस्तांतरावर संहितेच्या कलम 165 ची बंधने आहेत.

तिसरे दप्तर : नगर

पटणी बाजार, दौलतगंज किंवा फ्रीगंज येथील दुकानाचा शोध केवळ खसऱ्यावर होत नाही. जागा खाजगी आहे, नझूलची म्हणजे सरकारी आहे, की विकास प्राधिकरणाने पट्ट्याने दिलेली आहे, हे आधी ठरविले पाहिजे. पट्टा असल्यास त्याची मुदत, नूतनीकरण, हस्तांतराची अट व थकीत भाडे पाहावे. विकणारा पट्टेदार असेल, तर तो पट्ट्याहून अधिक काही देऊ शकत नाही. नगर निगमाच्या करदप्तरात नाव असणे हे कर कोणाकडून घ्यावयाचा याचे निदर्शक आहे, मालकीचे नव्हे. शहराच्या भोवतालची जमीन घेताना ती सिंहस्थाच्या मेळा क्षेत्रात येते काय आणि विकास योजनेत तिचा वापर कोणता दाखविला आहे, हेही विचारून घ्यावे. पुढील सिंहस्थ 2028 मध्ये आहे.

दप्तरात न दिसणारे दोष

तिन्ही दप्तरे स्वच्छ असूनही मिळकत सदोष असू शकते. याचे चार प्रकार मुख्य आहेत.

पहिला, मूळ कागद ठेवून घेतलेले कर्ज. असे गहाण नोंदणीच्या सूचीत दिसेलच असे नाही. बँकांच्या बोजांसाठी 2011 पासून 'सेरसाई' ही केंद्रीय नोंदवही आहे. शुल्क भरून तीत कोणासही शोध घेता येतो. खाजगी सावकाराचे कर्ज मात्र तेथे उमटत नाही. म्हणून मूळ खरेदीखत स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. नकलेवर भागवू नये.

दुसरा, चालू दावा. दावा चालू असता घेतलेली मिळकत त्या दाव्याच्या निकालास बांधलेली असते. पूर्वीच्या मुंबई प्रांतातील 1939 च्या दुरुस्तीमुळे महाराष्ट्रात अशा दाव्याची सूचना नोंदवावी लागते. मध्य प्रदेशात ती अट नाही. म्हणून पक्षकारांच्या नावाने न्यायालयाच्या दप्तरात वेगळा शोध घ्यावा.

तिसरा, काळाचे अंतर. लेख सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीस दाखल करता येतो आणि नोंदल्यावर त्याचा अंमल नोंदणीच्या तारखेपासून नव्हे, तर मूळ तारखेपासून होतो. आज सूची कोरी असली, तरी आधी सही झालेला लेख उद्या पुढे येऊ शकतो.

चौथा व सर्वांत नाजूक प्रकार वारसांचा. समजा, फ्रीगंजमधील एक दुकान एका गृहस्थाने स्वकष्टाने घेतले. 1985 मध्ये तो मृत्युपत्र न करता वारला. पत्नी आधीच निवर्तली होती. मागे तीन मुलगे व दोन मुली राहिल्या. 1994 मध्ये तिघा भावांनी दुकान विकले. खरेदीखत नोंदले गेले, नगर निगमात नाव चढले, तीस वर्षे कोणी हरकत घेतली नाही. कागद पाहणाऱ्यास सर्व यथास्थित दिसेल. परंतु 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांसही लागू आहे आणि त्यान्वये पाचही अपत्यांचा हिस्सा समान आहे. भावांपाशी पाचांपैकी तीन हिस्से होते. तेवढेच ते विकू शकले. उरलेले दोन हिस्से नोंदणीच्या शिक्क्याने खरेदीदाराकडे जात नाहीत. एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतीतही 2005 च्या दुरुस्तीने मुलीस जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला आहे.

हा दोष कोणत्याही सूचीत सापडत नाही. तो वंशावळीत सापडतो. म्हणून प्रत्येक मृत्यूपाशी थांबून वारस किती, त्यांपैकी सही कोणाची आहे, कोणाचे नोंदलेले हक्कत्यागपत्र आहे, असे विचारावे. बहिणीने माहेरचा हिस्सा प्रेमाने सोडला असेल, तर तो तिने समजून, स्वखुशीने व नोंदलेल्या लेखाने सोडावा. न विचारता गृहीत धरलेला त्याग हा त्याग नव्हे. ते अदत्तादान होय.

शोधाचा क्रम

1. विकणाऱ्याकडून मूळ लेख, खसरा, बी-1, नक्शा व कराच्या पावत्या घ्याव्यात.
2. जागेचा प्रकार ठरवावा : खाजगी, नझूल, पट्टा, न्यास की देवस्थान.
3. दोन्ही सूचींत तीस वर्षांचा शोध घेऊन हस्तांतराची साखळी कागदावर मांडावी.
4. साखळीतील प्रत्येक मृत्यूपाशी वंशावळ काढावी.
5. नामांतरणाची मूळ प्रकरणे, न्यायालयाचे दप्तर व सेरसाई पाहावे.
6. जागेवर जाऊन मोजणी करावी, कब्जा कोणाचा आहे हे पाहावे व शेजाऱ्यांस विचारावे.
7. वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी, जाणत्या वकिलाचा लेखी अभिप्राय घ्यावा आणि खरेदीच्या दिवशी सूची पुन्हा पाहावी.

या कामास काही दिवस व थोडा खर्च लागतो. मिळकतीच्या किमतीच्या मानाने तो अत्यल्प आहे, आणि पुढील पिढीस न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या तर होणाऱ्या हानीच्या मानाने तर नगण्यच. रोजमेळ व खतावणी यांत एका पैशाचा फरक आला, तरी आपले वडीलधारे दिवा मालवीत नसत. घरादाराच्या व्यवहारातही तोच नियम पाळावा : ताळा जमेपर्यंत सही करू नये.